उदासिनीकरण म्हणजे सामू 7 नव्हे

अंगावर आम्ल सांडल्यास त्यावर एखादे आम्लारी ओतावे, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो धोकादायक आहे. अशा वेळी भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुणेच योग्य, कारण उदासिनीकरणात, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांनी एकमेकांना निष्प्रभ करण्यात, उष्णता बाहेर पडते. एक मोलार (लिटरमागे एक मोल, म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढ्याच तीव्रतेचे सोडिअम हायड्रॉक्साइड प्रत्येकी एक लिटर मिसळले, तर मिश्रणाचे तापमान सुमारे 7 अंश सेल्सिअसने चढते. मग संहत, म्हणजे याहून कितीतरी तीव्र, द्रावणांचे काय होईल याची कल्पना करावी.

त्याऐवजी नायट्रिक आम्ल किंवा पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतले, तरी एका मोलमागे उष्णता जवळपास तेवढीच, म्हणजे 57 किलोजूल मिळते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1880च्या दशकात मांडलेल्या विचरणाच्या सिद्धान्ताने याचा उलगडा होतो. हे पदार्थ पाण्यात आधीच आयनांत, म्हणजे विद्युतभारित कणांत, विभागलेले असतात. सोडिअम आणि क्लोराइड आयन नुसते बघे असतात आणि खरी अभिक्रिया एकच घडते, हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होण्याची.

ॲसेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लाची गोष्ट मात्र निराळी आणि मला अधिक रंजक वाटते. त्याच्या 0.1 मोलार द्रावणात शंभरांतील साधारण एकच रेणू आयनीभूत असतो. हायड्रॉक्साइडने मुक्त हायड्रोजन आयन टिपले की समतोल ढळतो आणि उरलेले रेणू ते पुन्हा पुरवू लागतात, त्यामुळे अखेर सगळे आम्ल वापरले जाते. तरीही सामू (आम्लता दाखवणारा pH हा अंक, उदासीन पाण्याचा 7) 7 वर थांबत नाही, कारण तयार झालेले काही ॲसिटेट आयन पाण्याकडूनच हायड्रोजन आयन ओढून घेतात व हायड्रॉक्साइड मागे उरते. ॲसेटिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांची समान आकारमानाची 0.1 मोलार द्रावणे मिसळल्यास 25 अंशांना सामू सुमारे 8.7 भरतो.

म्हणूनच या आम्लाच्या अनुमापनात, म्हणजे थेंबथेंब आम्लारी घालून त्याचे प्रमाण मोजताना, मिथिल ऑरेंज हा दर्शक (सामूनुसार रंग बदलणारा पदार्थ) फसवतो: 4.4 सामूला, जेमतेम तिसरा हिस्सा आम्ल संपलेले असतानाच, तो पूर्ण पिवळा होतो. फिनॉल्फ्थॅलिन मात्र 8.3 च्या आसपास रंग धरू लागते आणि ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापननळीतून) पडणाऱ्या एखाद्या थेंबासरशी फ्लास्कमधले रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होऊन तसेच राहते.