भोपळ्याचं फूल अकरापर्यंत थांबत नाही

आमच्या इथल्या एका शाळेच्या परसबागेत मागच्या पावसाळ्यात पोरांनी लाल भोपळ्याचा वेल लावला, वेल कुंपणावर मस्त पसरला, फुलं तर विचारूच नका, पण रोज सगळी गळून पडायची आणि भोपळा काही धरेना. कोणी म्हणालं खत कमी पडलं, कोणी म्हणालं पाऊस जास्त झाला. मग सहावीतल्या एका मुलीने गळलेली फुलं गोळा करून ओळीने मांडली आणि म्हणाली, सर, ह्यातल्या एकालाही खाली गाठ नाहीये.

तिने बरोबर पकडलं होतं. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, बहुतेक वेळा आधी नुसती नर फुलंच येतात, ती एक दिवस उमलतात आणि गळतात, त्यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली चिमुकला भोपळा आधीपासूनच असतो, पण पराग पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. आणि हे पराग जड, चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच लागते. त्यात फूल उमलतं पहाटे आणि दुपारच्या आत मिटतं. शाळा भरते अकराला, म्हणजे पोरांनी उमललेलं फूल कधी नीट बघितलेलंच नव्हतं!

मग काही जण सकाळी सातला यायला लागले. उद्या उमलणाऱ्या मादी कळ्यांना आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशव्या बांधायच्या, सकाळी काही फुलांवर नर फूल हाताने घासून परत पिशवी बांधायची, काही तशीच झाकलेली ठेवायची आणि काही कळ्या पहिल्यापासून मधमाश्यांसाठी मोकळ्या. प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी. झाकून ठेवलेली सगळी गळली, आणि तुलना करायची म्हणजे काय हे पोरांना तिथे कळलं, पुस्तकातली व्याख्या न वाचता.

2019 साली केंद्र सरकारने शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी परसबागा झाल्या, भाजी खिचडीत जाते, चांगलंच आहे. पण मला मनापासून वाटतं की पोरांना एखादं रोप उपटायची परवानगी नसेल तर ती बाग शोभेचीच. पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून हाताने काम करत शिकणं चालू आहे, तसं साध्या शाळेतही जमतं.

चवळीचंच घ्या ना. फुलोऱ्यात आली की एक रोप खुरप्याने अलगद काढून मुळं बादलीत धुवायची, बारीक गाठी दिसतात, त्यातली एक नखाने फोडायची. आतून गुलाबी निघाली तर समजायचं रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतायत. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातल्या प्रथिनाचा, ते ऑक्सिजन धरून ठेवतं, कारण मोकळा ऑक्सिजन मिळाला की नायट्रोजन पकडणारं एन्झाइम बंद पडतं. झाडात रक्तासारखं काहीतरी आहे हे ऐकल्यावर पोरांनी अजून तीन रोपं उपटली, कोणी ओरडलं नाही.

आता मांडवावर दुधी चढलाय. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यावर पतंग येतात, म्हणून ह्या वेळी पोरं दिवस मावळताना येणार आहेत, बॅटऱ्या घेऊन.