न्यू इंग्लंडचे हिवाळी सरपण

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याला न्यू इंग्लंड म्हणतात. तिथल्या व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर व मेन या राज्यांत घरे उबदार ठेवण्यासाठी जळाऊ लाकूड तोडणे, जंगलाबाहेर ओढून आणणे, फोडणे, वाळवणे आणि घरपोच करणे हा जुना उद्योग आहे. वसाहतींच्या काळात भिंतीतल्या उघड्या चुलाणांत एकेका घरात वर्षाला तीस-चाळीस कॉर्ड (एक कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांची थप्पी) लाकूड जळे आणि बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाई. गावच्या धर्मोपदेशकाला पगाराचा भाग म्हणून सरपण देण्याचीही रीत होती. बिडाच्या बंद स्टोव्हमुळे गरज कितीतरी पटींनी घटली. पुढे खनिज तेल आल्यावर लाकूड मागे पडले. पण १९७३च्या तेलटंचाईने ते परत घरात आणले. व्हरमाँटमधील रँडॉल्फ येथे १९७५ साली सुरू झालेला ‘व्हरमाँट कास्टिंग्ज’ हा स्टोव्हचा कारखाना त्याच लाटेतला.

थंडीतली तोड चालू हिवाळ्यासाठी नसते, पुढच्या हिवाळ्यासाठी असते. पाने गळालेली, शेतीची कामे थांबलेली आणि दलदलीची जमीन दगडासारखी गोठलेली, असे दिवस तोडीला सोयीचे. उन्हाळ्यात ज्या ओलसर उतारावर यंत्र रुतेल, मुळे चिरडतील, त्याच उतारावरून जानेवारीत ओंडके अलगद घसरत येतात. मार्चअखेरीस बर्फ वितळू लागला की कच्च्या रस्त्यांचा नुसता राडा होतो, जड ट्रकना अनेक गावे बंदी घालतात आणि जंगलात पडलेले लाकूड महिनाभर तिथेच अडकते.

मोटारी येण्यापूर्वी बर्फ हाच रस्ता होता, आणि तो साफ करत नसत, दाबून पक्का करत. घोड्यांनी ओढायचा प्रचंड लाकडी रोलर बर्फावरून फिरवला जाई आणि त्या घट्ट वाटेवरून लाकडाने भरलेल्या घसरगाड्या धावत. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर बर्फ पडतच नसे. मग गाडीच्या धावा कोरड्या फळ्यांवर अडू नयेत म्हणून माणसे फावड्याने पुलात बर्फ टाकत.

लाकूड फोडायलाही थंडीच चांगली. कडाक्याच्या गारठ्यात लाकडातले पाणी गोठते, लाकूड ठिसूळ होते आणि सरळ रेषेच्या मेपलचा ओंडका एका घावात उकलतो. पीळदार एल्मपुढे मात्र पाचरही हात टेकते. फोडलेल्या फाळी उन्हा-वाऱ्यात, जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजू मोकळ्या ठेवून रचतात. मेपल, बीच, बर्च यांना साधारण वर्षभर लागते, ओकला दोन वर्षेही. ॲशमध्ये मुळातच पाणी कमी, त्यामुळे तो लवकर जळण्याजोगा होतो. ओलावा वीस टक्क्यांखाली आला की लाकूड तयार. ते ओळखायला यंत्र लागत नाही: फाळीच्या टोकाला चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा दिसतात, साल सुटू लागते, दोन फाळी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्या फाळी नुसत्या ‘भद्द’ वाजतात. झाड कोणते यापेक्षा लाकूड किती वाळले हे महत्त्वाचे, असे ठामपणे म्हणावे लागेल. ओले लाकूड आपलीच आग पाणी उकळण्यात खर्च करते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. ती पेटली तर घर जाऊ शकते.

विक्री कॉर्डने होते. नीट रचलेली चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब थप्पी म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. वाळू-खडी ब्रासने मोजणाऱ्या आपल्या वाचकाला सव्वा ब्रासहून किंचित जास्त म्हटले की अंदाज येईल. ओल्या मेपलचा कॉर्ड दोन टनांच्या आसपास भरतो. साध्या पिकअपमध्ये एका खेपेत जेमतेम अर्धा मावतो. ट्रकमध्ये नुसते टाकलेले लाकूड जास्त जागा व्यापते, म्हणून मेनच्या कायद्यात सोळा इंची सुट्या लाकडाचा कॉर्ड १८० घनफूट धरला आहे. वांधे इथेच होतात. ‘वाळलेले’ म्हणून उतरवलेला ढीग ओला निघतो आणि फेब्रुवारीत खरोखर कोरडे लाकूड मागूनही मिळत नाही. ढीग दारात पडला की त्याच दिवशी रचावा लागतो. रात्री बर्फ पडला तर सकाळी फाळ्या एकमेकींना चिकटून गोठलेल्या असतात आणि हातोड्याने सोडवाव्या लागतात.

लांबून लाकूड आणणे आता धोक्याचे ठरले आहे. ॲशच्या सालीखाली पोखरणारा हिरवा आशियाई भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला. तो स्वतः फार दूर उडत नाही, पण सरपणात बसून शेकडो मैल जातो. न्यू हॅम्पशायरमध्ये तो २०१३ला आणि व्हरमाँट व मेनमध्ये २०१८ला आढळला. या राज्यांनी बाहेरून येणाऱ्या, उष्णतेची प्रक्रिया न केलेल्या सरपणावर निर्बंध घातले आहेत.

ज्यांना तोडता येत नाही आणि विकत घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी अनेक गावांत ‘वुड बँक’ चालतात. स्वयंसेवक शनिवार-रविवारी जमून दान आलेले ओंडके कापतात, फोडतात, आणि ऐन थंडीत सरपण संपलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर नेऊन रचून देतात.