अमेरिकेतली शेतकऱ्यांची कोविड मदत: अर्ज सोपा, सोबतचे कागद किचकट

कोविडच्या काळात अमेरिकेच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांच्या खात्यात थेट पैसे जमा केले. योजनेचं नाव कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम, बोलताना नुसतं ‘सीफॅप’. पहिल्या फेरीचे अर्ज २६ मे २०२० पासून घेतले, दुसऱ्या फेरीचे २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर २०२०. दुसरी फेरी एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडली आणि १२ ऑक्टोबर २०२१ ला बंद झाली. त्यामुळे आज कुणी ‘सीफॅपचा फॉर्म भरून देतो’ म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. मात्र तेव्हा मागितलेले बरेचसे कागद या खात्याच्या इतर योजनांनाही लागतात, म्हणून प्रक्रिया माहीत असलेली बरी.

अर्ज आपल्या काउंटीतल्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या) फार्म सर्व्हिस एजन्सी या कृषी खात्याच्याच शाखेच्या कार्यालयात जायचा. मका-सोयाबीनवाले तिथे दरवर्षी पेरा नोंदवतात, त्यामुळे त्यांच्या एकरांची नोंद कार्यालयाकडे आधीच होती. बाजारात भाजी विकणारा छोटा शेतकरी मात्र बऱ्याचदा त्या दारात कधी गेलेलाच नसायचा. त्याची खरी दमछाक इथे व्हायची. मूळ अर्ज, म्हणजे पहिल्या फेरीत फॉर्म एडी-३११४ आणि दुसऱ्या फेरीत एडी-३११७, फारसा अवघड नव्हता. पण जोडीला एडी-२०४७ वर नाव-पत्त्याची माहिती, एडी-१०२६ वर पाणथळ आणि धूप होणाऱ्या जमिनीबाबतची हमी, सीसीसी-९०२ वर जमीन, भांडवल आणि मेहनत कुणाची याचा तपशील, सीसीसी-९४१ वर उत्पन्नाचं प्रमाणपत्र, शिवाय बँक खात्याचा फॉर्म.

उत्पन्नाची अट अशी: २०१६ ते २०१८ ची सरासरी ९ लाख डॉलरच्या वर नको, असेलच, तर किमान ७५ टक्के उत्पन्न शेती, पशुपालन किंवा वनशेतीतून आलेलं हवं. एका व्यक्तीला एका फेरीत जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. नागरिकत्व नसलं तरी ग्रीन कार्डवाल्यांना अर्ज करता येत होता. उत्पादनातली जोखीम अर्जदाराने उचललेली असली पाहिजे. जमीन बटईने दिली असेल तर मालकाला त्याच्या वाट्यापुरतं मिळे. रोख खंडाने दिली असेल तर काही नाही. हा नियम मला योग्य वाटतो.

दुसऱ्या फेरीत रक्कम ठरवायचे तीन मार्ग होते. मका, गहू, सोयाबीन अशा पिकांना भावातल्या घसरणीवर, किमान एकरी १५ डॉलर. भात, भुईमूग, अल्फाल्फा (लसूणघास) यांना सरसकट एकरी १५ डॉलर. अल्फाल्फा सोडून बाकीचा चारा अपात्र. भाजी-फळांना २०१९ च्या विक्रीवर टक्केवारी, तीही प्राप्तिकराच्या स्लॅबसारखी: पहिल्या ४९,९९९ डॉलरवर १०.६ टक्के, पुढे ९९,९९९ पर्यंत ९.९, आणि असंच उतरत. म्हणजे ८०,००० डॉलरची भाजी विकली असेल तर सुमारे ८,२७० डॉलर. पण कच्चा मालच धरायचा. टोमॅटो चालतील, त्याच टोमॅटोच्या सॉसमधली प्रक्रियेची कमाई वजा.

जनावरांत लोक फसायचे. गुरांना डोईमागे ५५ डॉलर, संख्या १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट २०२० मधल्या आपण निवडलेल्या दिवसाची. तारीख निवडायची मुभा होती, पण पैदाशीची जनावरं वगळायची. गोठ्यात १२० गुरं, त्यातल्या ७० पैदाशीच्या गायी, तर हिशेब ५० चा: २,७५० डॉलर.

पुरावे अर्जासोबत जोडायचे नसत; आकडे स्वतःच प्रमाणित करायचे. मात्र विक्रीच्या पावत्या, गोठ्याच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या होत्या. तपासणीत त्या दाखवता आल्या नाहीत, तर पैसे व्याजासह परत.