धनुष्याचं लिंब पिळलंय? आधी घरी हे करून पाहा

दोरी चढवा, धनुष्य उभं धरा, दोरी आपल्या बाजूला ठेवा आणि एक डोळा मिटून पाहा. मुठीपाशी दोरी मधोमध दिसेल असं धनुष्य फिरवलं की दोन्ही टोकांजवळही ती लिंबाच्या मध्यावरून जायला हवी. एका टोकाशी ती कडेकडे सरकलेली दिसली, तर त्या लिंबाला पीळ बसला असण्याची शक्यता आहे. (लिंब म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग. मैदानावर सगळे हाच शब्द वापरतात. कडुलिंबाने रागावू नये.)

हे पत्रक लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेल्या रिकर्व्ह धनुष्यांसाठी आहे. रिकर्व्हचं टोक पातळ असतं, पुढे वळलेलं असतं आणि दोरी त्या वळणावरच टेकते. ती कडेला गेली की ओढ तिरकी बसते आणि थोडा असलेला पीळ वाढतच जातो. म्हणून "चालतंय तोवर चालू दे" असं करू नका.

आधी दोन गोष्टी तपासा, कारण पुष्कळदा पीळ नसतोच. दोरीचा फास टोकाच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखा बसलाय का ते पाहा. एका अंगाला जरी तो वर राहिला तरी दोरी कडेला पडते. धनुष्य टेकडाउन (म्हणजे लिंबं मुठीपासून सुटी करता येणारं) असेल तर लिंब काढून बैठकीतली धूळ पुसा, बोल्ट पुन्हा घट्ट करा आणि परत पाहा.

पीळ बसतो कशाने? सगळ्यात जास्त दोरी चढवण्याच्या चुकीच्या पद्धतीने. दोरी आणि धनुष्याच्या मधून पाय घालून, मांडीवर रेटून दोरी चढवली की खालचं लिंब घोट्याशी आडवं दाबलं जातं. आम्ही प्रत्येक धनुष्याबरोबर स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून लिंबं सारखी वाकवायची मदतीची दोरी) देतो तो याचसाठी. पिशवीच्या तळाशी ठेवण्यासाठी नव्हे. दुसरं कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेलं धनुष्य इतकं तापतं की थरांमधला गोंद मऊ पडू लागतो. तिसरं, धनुष्य कोपऱ्यात भिंतीला टेकवून खालच्या टोकावर उभं ठेवणं.

थोडा पीळ, म्हणजे दोरी मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर सरकलेली, हाताने निघतो. स्ट्रिंगरने दोरी चढवा. एका हाताने मूठ पक्की धरा, दुसऱ्या हाताच्या तळव्यात टोकाजवळचं वळण घ्या आणि हळूहळू फिरवा. दोरी मध्याकडे येताना दिसली की दिशा बरोबर. मध्याच्या किंचित पलीकडे नेऊन अर्धा मिनिट धरा, सोडा. असं पाच-सहा वेळा करा. झटका देऊ नका. मग दोरी न उतरवता धनुष्य सावलीत आडवं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

तेवढ्याने भागलं नाही तर गरम पाणी. दोरी उतरवा. ५० ते ५५ अंशांचं पाणी घ्या, म्हणजे बोट घातलं तर लगेच काढावंसं वाटेल इतपत, उकळतं नको. लिंबाच्या टोकाकडच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं ओता, मूठ कोरडी राहू द्या. लगेच उलट दिशेने थोडा जास्तच पीळ द्या आणि तसंच धरून नळाचं गार पाणी सोडा, लिंब पूर्ण थंड होईपर्यंत. पुसा, दोरी चढवा, पाहा. हीट गन किंवा गॅसची आच अजिबात नको: ती एकाच जागी तापवते, गोंद सुटतो आणि पिळाऐवजी थर उकलतात.

सरळ झाल्यावर लगेच पूर्ण ताण घेऊ नका. अर्ध्या ताणाने वीसेक वेळा ओढून सावकाश परत आणा (बाणाशिवाय सोडायचं नाही), मग दोरी पुन्हा तपासा. पंधरा दिवसांत पीळ परत आला, तर आतला थर किंवा गोंद हरलाय असं समजा.

दोरी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, ओढताना टिकटिक ऐकू येत असेल, किंवा लिंबाच्या कडेवरून कापूस फिरवल्यावर त्याचे धागे अडकत असतील, तर घरचे उपाय थांबवा. दोरी वळणावरून निसटली तर धनुष्य उलटून चेहऱ्यावर येतं. अशा लिंबाची खाच किंवा कड घासून दुरुस्त करता येते का, ते आम्ही दोरी चढवून पाहूनच सांगतो.

इंडियन राउंडच्या (बांबूच्या साध्या धनुष्याने खेळायचा भारतीय स्पर्धाप्रकार) बांबूच्या धनुष्याला वरचं काहीच लागू नाही. तिथे लिंब एका बाजूला जाड राहिल्याने टोक पातळ बाजूकडे झुकतं. जाड बाजू आतून खरवडावी लागते, तीही काचेच्या तुकड्याने थोडी थोडी. बाहेरच्या सालीला हात लावला तर तंतू तुटतात आणि धनुष्य तिथेच मोडतं. हे काम आमच्यावर सोडा.

आणताना दोरी उतरवून, पण तीच दोरी बरोबर घेऊन या. नवी दोरी लावून पाहिलं तर तुमच्या फासाची चूक आम्हाला दिसत नाही.