टॅक्स बिलावरची कचऱ्याची ओळ: कॅलिफोर्नियात कौंटी पैसे कशाचे घेते आणि फीवाढीला हरकत कशी नोंदवायची

कॅलिफोर्नियात घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर मूळ टॅक्सच्या खाली बारीक अक्षरात अजून बऱ्याच ओळी दिसतात, शाळेचे बाँड, डासनिर्मूलन वगैरे, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातली एक सॉलिड वेस्टची (घनकचऱ्याची) किंवा लँडफिलची (कचरा पुरायच्या जागेची) असते. मग प्रश्न येतोच की कचरागाडीचं बिल तर आपण वेगळं भरतोय, हे परत कशाचं?

गाडीचं बिल म्हणजे बिन उचलण्याचे पैसे. कौंटीकडे त्यापलीकडची कामं असतात: ट्रान्सफर स्टेशन (गाड्यांमधला कचरा मोठ्या ट्रकांत भरायची जागा), जुने रंग-बॅटऱ्या-औषधं घेणारं केंद्र, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लँडफिल, चालू असलेलं आणि बंद झालेलं सुद्धा. बहुतेक कौंट्या हा हिशोब जनरल फंडात न मिसळता एंटरप्राइज फंड नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवतात, म्हणजे कचऱ्याचा खर्च कचऱ्याच्याच फीमधून. त्यात मुख्य उत्पन्न टिपिंग फीचं, ट्रक वजनकाट्यावर चढला की टनामागे जे घेतात ते.

आता खरी अडचण इथे आहे. लँडफिल भरलं की ट्रक थांबतात, ट्रक थांबले की टिपिंग फी थांबते, पण खर्च थांबत नाही. फेडरल नियमाप्रमाणे शेवटचा कचरा आल्यापासून ३० दिवसांत बंद करायचं काम सुरू करावं लागतं, मग १८० दिवसांत पुरं (मुदतवाढ मिळू शकते), वर कमीत कमी १८ इंच कमी झिरपणारी माती आणि त्यावर ६ इंच झाडं उगवतील अशी माती. आणि त्यानंतर साधारण ३० वर्षं देखभाल: भूजलाची तपासणी, मिथेन वायू, खाली साचणारं घाण पाणी, खचलेली माती परत भरणं. लॉस एंजेलिसजवळचं प्वेंटे हिल्स, एकेकाळी देशातलं सगळ्यात मोठं मानलं गेलेलं लँडफिल, ३१ ऑक्टोबर २०१३ ला बंद झालं, तिथे नवीन कचरा येत नाही पण ही कामं चालूच आहेत.

म्हणून लँडफिल चालू असतानाच बंद करायचे पैसे बाजूला पडतायत याचा पुरावा द्यावा लागतो, ट्रस्ट फंड, बाँड, विमा किंवा सरकारची आर्थिक क्षमता दाखवून, आणि अंदाजित खर्च दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवून. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड आठवा, तोच विचार. सोसायटीत जसं आधीच्या लोकांनी कमी भरलं की नंतरच्यांवर बोजा येतो, तसंच इथेही होतं, आणि मग पार्सलमागे (पार्सल म्हणजे टॅक्स बिलावर स्वतःचा नंबर असलेली प्रत्येक मालमत्ता) वार्षिक फी लावायचा प्रस्ताव येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण आज फी कमी ठेवली म्हणून खर्च वाचत नाही, तो आपल्या मुलांच्या बिलावर जातो. तुमच्या कौंटीचं काय चाललंय हे बघायचं असेल तर कौंटीच्या वार्षिक आर्थिक अहवालात लँडफिल क्लोजरची टीप शोधा, १९९३ च्या सरकारी अकाउंटिंग नियमामुळे किती टक्के जागा भरली आणि देणं किती हे तिथे लिहावंच लागतं.

आता प्रक्रिया. १९९६ च्या प्रॉपोझिशन २१८ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला राज्याचा नियम) अशी फी नवीन लावायची किंवा वाढवायची तर मालकांना पोस्टाने नोटीस पाठवून किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी घ्यावी लागते. नोटिशीत रक्कम, ती कशी काढली, कारण, आणि सुनावणीची तारीख-वेळ-जागा असते. हे पाकीट जाहिरातीसारखं दिसतं आणि थेट रिसायकलिंगमध्ये जातं, कृपया असं करू नका. कचऱ्याच्या फीसाठी वेगळं मतदान लागत नाही, म्हणजे लेखी हरकत हीच तुमची संधी, आणि जो गप्प बसला त्याची हरकत नाही असंच धरतात. निम्म्याहून जास्त पार्सलकडून हरकती आल्या तरच फी अडते. समजा १०,००० पार्सल आहेत तर ५,००१ लागतील.

हरकत कोण देऊ शकतं? घराचा मालक, किंवा ती फी स्वतः थेट भरणारा भाडेकरू. नागरिकत्वाचा संबंध नाही, एच-१बी वर असलात तरी मालक म्हणजे मालक. नवरा-बायको दोघांनी पाठवली तरी एका पार्सलची एकच मोजतात. घर लिव्हिंग ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टी म्हणून सही करा.

कागदपत्रं फार नाहीत, एक साधं पत्र पुरतं: नाव, घराचा पत्ता किंवा टॅक्स बिलावरचा पार्सल नंबर, कुठल्या फीला विरोध आहे ते स्पष्ट वाक्य, आणि सही. भाडेकरू असाल तर फी तुम्ही भरता हे दाखवणारं बिल जोडलेलं बरं. सुनावणी संपायच्या आत पत्र पोहोचलं पाहिजे. ईमेल चालतो का ते नोटिशीत बघा, गृहीत धरू नका. सुनावणीत तोंडी बोललात तर ऐकतात, पण मोजणीत फक्त लेखी.

अजून एक, नोटीस कौंटीचीच असेल असं नाही. फ्रीमाँट किंवा क्युपर्टिनोसारख्या शहरात घर असेल तर सिटीची किंवा एखाद्या डिस्ट्रिक्टची (जिल्हा नव्हे, ठराविक सेवेसाठीची वेगळी स्थानिक संस्था) येऊ शकते, शहराचा दर्जा नसलेल्या भागात बऱ्याचदा कौंटी बघते. आणि घर भाड्याने देऊन पुण्याला परत गेलेल्यांनी असेसरकडे (मालमत्तेची किंमत ठरवणारं कौंटीचं खातं) पोस्टाचा पत्ता बदलून घ्या, नाहीतर नोटीस भाडेकरूच्या दारात पडून राहते.

ज्येष्ठांना किंवा कमी उत्पन्नवाल्यांना सवलत आहे का हे बरेच जण विचारतात. काही ठिकाणी असते, पण फी त्या पार्सलला दिलेल्या सेवेच्या खर्चापेक्षा जास्त नको असा नियम असल्यामुळे एकाची सवलत दुसऱ्याच्या फीवर टाकता येत नाही, पैसे दुसरीकडून आणावे लागतात. त्यामुळे फॉर्म, उत्पन्नाची अट आणि मुदत जागोजागी वेगळी, फोन करून विचाराच.

फी चुकीची लागलीय असं वाटलं तरी आधी बिल भरा. पहिला हप्ता १० डिसेंबर, दुसरा १० एप्रिल, चुकलं तर १० टक्के दंड. टॅक्स कलेक्टर ती ओळ बदलू शकत नाही, बहुतेक बिलांवर त्या ओळीशेजारीच संबंधित खात्याचा फोन नंबर असतो, तिथे पार्सल नंबर देऊन तक्रार करायची. आणि रिटर्न भरताना लक्षात ठेवा, ही सेवेची फी आहे, फेडरल रिटर्नमध्ये प्रॉपर्टी टॅक्स म्हणून वजा करता येत नाही, लेंडरच्या स्टेटमेंटवर सगळं एकत्र दिसतं म्हणून तो आकडा तसाच उचलू नका.