ऑक्सफर्ड की केंब्रिज : एका वर्षी एकच
बारावीचे वर्ष सुरू झाले की ठाण्याच्या नौपाड्यातल्या पालकांत एक सल्ला हमखास फिरतो : ‘ऑक्सफर्ड, केंब्रिज, दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवा, कुठेतरी लागेल.’ हे चुकीचे आहे. यूकास या ब्रिटनमधील विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या सामाईक अर्जात पाच पर्याय भरता येत असले, तरी पदवी अभ्यासक्रमासाठी या दोन विद्यापीठांपैकी, मोजके अपवाद वगळता, एका वर्षी एकच निवडता येते. पदव्युत्तर प्रवेशाला ही अट नाही, आणि बहुधा तिथूनच हा गैरसमज पसरला असावा. मुदतही बहुतेक अभ्यासक्रमांसारखी जानेवारीची नसून १५ ऑक्टोबरची असते, तीही ब्रिटनमधील संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे ठाण्यात रात्री साडेदहापर्यंत. शिक्षकांचे शिफारसपत्र याच अर्जाला जोडलेले लागते, आणि त्या सुमारास आपल्याकडे सहामाही परीक्षेची धांदल असते.