सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडून बघा

गणपतीत इंदूरजवळच्या सांवेरला मामांच्या शेतावर गेले होते, तर मामांनी चहाच्या आधीच मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की झाडाचं ९८.५ टक्के शरीर हवा-पाण्यातूनच बनतं, हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट आहे, मग युरिया कशाला, महिन्यातून एकदा जीवामृत द्या आणि निश्चिंत व्हा. "काय गं, तू बॉटनी शिकलीस ना, खरं आहे का हे?" मामांनी निळा ड्रम विकत आणूनही ठेवला होता! मी म्हटलं, मामा, यातलं अर्धं खरं आहे, पण उरलेलं अर्धं पाच बीघेवाल्याला फार महागात पडू शकतं.

आधी हिशोब करू. जीवामृत म्हणजे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे सगळं एका एकराला. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ही पद्धत देशभर नेली, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा खर्च कमी व्हावा ही त्यांची कळकळ मला मनापासून पटते. पण या ड्रममधलं शेण, गोमूत्र आणि बेसन मिळून नायट्रोजन भरतो साधारण २०० ग्रॅम. आणि एकरी १५ क्विंटल गहू काढला तर नुसत्या दाण्यांतूनच २८-३० किलो नायट्रोजन शेताबाहेर जातो. हंगामात पाच ड्रम ओतले तरी झाला एक किलो. मग बाकीचा कुठून येतो? पहिली एकदोन वर्षं जमिनीतल्या जुन्या साठ्यातून, नंतर उतारा घसरतो. २०२१ मध्ये श्रीलंकेनं एका झटक्यात रासायनिक खतं बंद केली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि सात महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली.

पण हवेतल्या नायट्रोजनचं काय, तो तर आहेच ना? आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी इतके घट्ट धरून असतात की गव्हाच्या झाडाला ते तोडताच येत नाहीत. कारखान्यात ते तोडायला ४००-५०० अंश तापमान आणि हवेच्या दीडदोनशे पट दाब लागतो. आणि तेच काम सोयाबीनच्या मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आपल्या काळ्या मातीत, साध्या तापमानाला करते! मला हे वाचलं तेव्हाही विश्वास बसला नव्हता आणि आजही दरवेळी नवल वाटतं.

होतं असं की सोयाबीनचं मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, ती ओळखीच्या जिवाणूला, म्हणजे ब्रॅडिरायझोबियमला, बरोबर कळतात, तो उलट स्वतःचं एक रसायन सोडतो, ते मिळालं की मुळावरचा केस आकड्यासारखा वळून जिवाणूला कवेत घेतो, मग एका बारीक नळीतून जिवाणू आत शिरतात आणि तिथं गाठ तयार होते. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, त्याला सोयाबीनचं कल्चर, म्हणजे पाकिटात मिळणारे जिवाणू, लावून उपयोग नाही.

आता खरी अडचण. नायट्रोजन तोडणारं एन्झाइम, नायट्रोजिनेज, ऑक्सिजन लागला की खराब होतं. पण हे काम करायला ऊर्जा प्रचंड लागते, नायट्रोजनच्या एका रेणूला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या नाण्याचे) १६ रेणू आणि ८ इलेक्ट्रॉन (त्यातले दोन तर हायड्रोजन वायू बनण्यातच जातात), आणि एवढं एटीपी बनवायला जिवाणूला श्वास घ्यावा लागतो, म्हणजे ऑक्सिजन हवाच. म्हणजे ऑक्सिजन हवाही आणि नकोही. यावर झाडानं काढलेला उपाय म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लांबचा भाऊ. ते ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूपर्यंत पोचवतं, पण गाठीत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ राहू देत नाही. म्हणून चालू असलेली गाठ आतून गुलाबी-लाल दिसते, हिरवी किंवा राखाडी दिसली तर काम थांबलंय.

आम्ही लगेच शेतात गेलो. झाड उपटायचं नाही, गाठी तुटून मातीत राहतात, कुदळीनं ढेकळासकट काढून पाण्यात धुवायचं. मधल्या झाडाला भरपूर गाठी, नखानं फोडल्या तर लालबुंद. आणि ज्या कोपऱ्यात मामांनी युरिया जास्त टाकला होता तिथं मोजून चार! कारण गाठीतल्या जिवाणूला झाड आपली साखर खर्चून पोसतं, आयता नायट्रोजन मिळाला तर कशाला पोसेल?

व्हिडिओत हेही होतं की फक्त देशी गाईचंच शेण चालतं. तसं काही नाही, रवंथ करणाऱ्या कुठल्याही जनावराच्या पोटात जिवाणूंची गर्दी असते, म्हशीचं शेणही चालतं. हे बोललं की लोकांना राग येतो, पण दारात म्हैस असलेल्या माणसानं गाईसाठी कर्ज काढावं का?

आणि आपण इंदूरवाल्यांनी तर हे विसरूच नये की इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ इथंच काडीकचरा, शेण, मूत्र शोषलेली माती आणि राख थरांत रचून, वेळेवर पालटून, तीनेक महिन्यांत कंपोस्ट करायची पद्धत बसवली, १९३१ मध्ये सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर ती पुस्तकात मांडली, आणि ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्यात मजुरी आहे, पण शेतात टनांनी माल पडतो. मामा मात्र काडी जाळतात, त्यावरून आमचं भांडणही झालं.

"मग सोयाबीन घेतलं की जमीन सुधारलीच ना?" तेही पूर्ण खरं नाही. सोयाबीन आपल्या गरजेचा साधारण निम्मा नायट्रोजन हवेतून घेतं, पण एकरी ५ क्विंटल दाणे विकले की त्यातून ३० किलोच्या वर निघून जातो. जमिनीला मिळतं ते झाड शेतातच गाडलं तर. म्हणून ठरलं असं की बोअरला पाणी राहिलं तर गव्हानंतर एका बीघ्यात उन्हाळी मूग, शेंगा तोडायच्या आणि बाकी झाड नांगरून टाकायचं, युरिया त्याच बीघ्यात कमी करून बघायचा, उरलेल्या चार बीघ्यांना हात नाही लावायचा.

मामा तेव्हाच मुगाचं कल्चर आणायला निघाले होते. मी थांबवलं. पाकिटात जिवंत जिवाणू असतात, सहा महिने पत्र्याच्या खोलीत ठेवले तर मरतील. पेरणीच्या आठवड्यात आणायचं, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.